दुसरा ताईत

अमारा,
मुलूख मेसोपोटेमिया,
ता. २ डिसेंबर १९१९

वडीलधारे नेमगोंडाअण्णा पाटील यांस, मुक्काम आळवाडी, पेटा शिरोळ, इलाखा करवीर.
ख्वाजा मुजावरचा सलाम.

अण्णा, हे पत्र आधी एकट्यानं वाचा. नेहमीसारखी अम्मा समोर येऊन बसली असेल तर तिला सांगा, ख्वाजा खुशाल आहे, पोटभर खातो, खोकला गेला. मग तिला घरी धाडा आणि पुढचं वाचा.

आमचा धाकटा मौला सापडला.

मी मागं कळवलं होतं की लढाई संपली तरी आमची टोळी इथंच ठेवून घेतली आहे. लढाईच्या गडबडीत जिथं माणूस पडला तिथंच त्याला पुरलेलं आहे. ती माणसं उकरून काढायची आणि नदीकाठच्या मोठ्या कबरस्तानात आणायची, हे आमचं काम. गोरे वेगळे, आपले वेगळे. आपल्यात हिंदू निघाला तर जाळायचा, मुसलमान निघाला तर पुरायचा. ओळखायचं कसं, तर आधी गळ्यातला बिल्ला बघायचा. तो दहात एकाला असतो. मग कानातली बाळी, अंगठी, देवाचा टाक, जे हाती लागेल ते. सुती करदोटा चार वर्षांत मातीला मिळतो, त्याचा उपयोग नाही. मद्रासी कारकून दात आणि मोडलेली हाडं बघून वहीत लिहितो. सांगून खोटं वाटेल, पण आता मला या कामाचं काही वाटत नाही. जेवण जातं.

गेल्या आठवड्यात एका खंदकात अकरा जण निघाले. सगळे आपल्या पलटणीचे, मराठा कंपनीचे. सातव्याच्या दंडाशी तांब्याचा चौकोनी ताईत होता, वर चांद कोरलेला, हिरव्या चिंधीचे धागे तांब्याला चिकटून राहिलेले. आपल्या पिराचा ताईत, अण्णा. आमच्या घराशिवाय तो कुणी करत नाही, कुणी बांधत नाही. मी तिथंच मातीत बसलो.

मौलाची कंपनी दुसरी होती, तो मराठ्यांच्या खंदकात कसा, असं साहेबानं विचारलं. मी म्हटलं, त्याचा जिवाभावाचा दोस्त आकाराम त्या कंपनीत होता, त्याच्या सोबतीला गेला असणार. गावातही ही दोघं एका ताटात जेवायची. साहेबानं मान डोलावली. मी माझ्या हातानं त्याला कापडात गुंडाळलं, पाच जणांनी नमाज पढली आणि माती दिली. हाडं न्याहाळून बघायचं माझ्यानं झालं नाही. बाकीचे दहा जण कंपनीवरून हिंदू धरले आणि जाळले. राख नदीत सोडली.

तानामावशीला सांगा की आकारामची काही खूण अजून मिळालेली नाही. तो त्या दहांत असेलही, नसेलही. अम्माला तुमच्या तोंडानं सांगा. बाप मानमोडीच्या तापात गेला, मी इथं, तिला तुमच्याशिवाय कोण आहे?

तुमचा
ख्वाजा


॥ श्री जिनाय नमः ॥
आळवाडी, ता. ११ जानेवारी १९२०

चि. ख्वाजास नेमगोंडा पाटलाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारच्या डाकेनं आलं. सांगितलंस तसं एकट्यानं वाचलं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी तुझी आई हाफिजाबी आपणच ओसरीवर आली आणि म्हणाली, "अण्णा, कागद आलाय आणि तुमी त्वांड चुकवताय. बोला की एकदाचं." मग सांगितलं.

ती रडली नाही, हे तुला खरं वाटणार नाही. "कबर हाय न्हवं?" एवढंच विचारलं. हाय म्हटलं. "ख्वाजानं माती दिली?" दिली म्हटलं. "मग माझा मौला घरीच आला म्हणायचा," असं म्हणाली आणि उठून गेली. तुझा बाप गेला तेव्हापासून तिच्या तोंडावर जो एक ताण होता तो त्या दिवशी सुटला. फातिहा झाला. सगळा गाव आला होता. चाळिसावाही रीतसर करायचा आहे. तिला आता रात्री झोप लागते असं शेजारणी सांगतात.

तानाबाई आली होती. दोघी गळ्यात गळा घालून बसल्या. तानाबाईचं तुला ठाऊक आहे, मंगळवार आला की शिवेवरच्या बाभळीखाली त्या धोंड्यावर जाऊन बसते आणि डाकवाल्याची वाट बघते. चार वर्षं हेच चाललंय. आकारामचा कागद येईल, नाहीतर तो स्वतः येईल. हाफिजाबीनं तिची समजूत काढली. म्हणाली, "तानाबाय, मी निघताना दोन ताईत बांधलं हुतं. एक माझ्या मौलाला, एक तुझ्या आकारामला. एक सापडला. दुसरा तुझ्या पोराला राखंल बघ." बायकांची माया ही अशी असते, स्वतःचं जळत असताना दुसरीचं विझवायला जातात.

आकारामची बायको बाळाबाई दाराआड उभी होती. ती कुणाशी बोलत नाही. लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा गेला, तेव्हापासून ती सवाष्ण का विधवा हे कुणाला सांगता येत नाही. हळदीकुंकवाला बायका तिला बोलावतात आणि कुंकू लावताना हात आखडता घेतात. तिचा बाप दोनदा न्यायला आला. पाट लावून देतो म्हणाला. ती गेली नाही.

माझं काय विचारतोस? दिवस मावळल्यावर जेवत नाही, पाणी गाळून पितो, मुंगी चुकवून पाय टाकतो, आणि याच नेमगोंडानं चावडीच्या कट्ट्यावर उभं राहून दोन पोरं लढाईवर धाडली. सरकारी पागोटं मिळालं त्याबद्दल. ते पेटीत आहे. उघडवत नाही.

कळावे,
नेमगोंडा


अमारा,
ता. १७ फेब्रुवारी १९२०

अण्णांस सलाम.

तुमचं पत्र मी दहा वेळा वाचलं. त्यातली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझं जेवण राहिलं. अम्मानं दोन ताईत बांधले होते?

मला हे ठाऊक नव्हतं. मी चौदाव्या वर्षी मिरजेला रेल्वेच्या कामावर गेलो, मौला तेव्हा सहा वर्षांचा होता. ही दोघं पलटणीत गेली तेव्हा मी गावात नव्हतो. तानामावशीची पोरं जगत नव्हती म्हणून तिनं पिराला नवस केला, आकारामला दर मोहरमला फकीर करायची, गळ्यात नाडा घालायची, हे लहानपणी बघितलंय. पण मोठा झाल्यावर, लढाईवर जाताना अम्मानं त्याच्याही दंडाला तोच ताईत बांधला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. इथं कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. साहेबाला सांगितलं तर तो म्हणाला, हिंदूच्या दंडाला तुमच्या पिराचा ताईत कसा? त्याला मी काय समजावू, आमच्या गावात कसं असतं ते?

आता बघा. ती मराठा कंपनी आकारामची होती. ताईत त्याच्याही दंडाला होता. मग मी पुरला तो कोण?

मी कारकुनाची वही मागून घेतली. सातव्यापुढं लिहिलंय: डाव्या हाताचं कोपराखालचं हाड पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं. अण्णा, मौलाचा हात मोडल्याचं मला कुणी कधी कळवलं नाही. पण मी गावातच नव्हतो, तर मला काय कळणार?

अम्माला यातलं काही विचारू नका. नुकती ती झोपायला लागली आहे. तुम्ही फक्त तानामावशीला विचारा, आकारामचा डावा हात कधी मोडला होता का. तो आकाराम असेल तर मला त्याला बाहेर काढून अग्नी दिला पाहिजे. त्याला आमच्या ओळीत निजवून ठेवणं बरोबर नाही. आणि मौला असेल तर त्याच्या कबरीला कुणी हात लावू नये. चूक केली तर दोन्हीकडं पाप माझं आहे. लवकर कळवा.

ख्वाजा


॥ श्री जिनाय नमः ॥
आळवाडी, ता. २९ मार्च १९२०

चि. ख्वाजास आशीर्वाद.

तानाबाईला विचारलं. शेतात भाकरी घेऊन निघाली होती, वाटेतच गाठलं. हाताचं नाव काढताच तिनं बुट्टी खाली ठेवली. "कोण म्हणतंय? माझ्या आकारामला काय बी झाल्यालं न्हाय. हात न्हाय मोडला, पाय न्हाय मोडला. अंगावर एक डाग न्हाय त्येच्या. खूण कसली घेऊन बसलायसा?" असं भर रस्त्यात ओरडून बोलली. मग बुट्टी उचलून शेताकडं गेली.

मलाही तसं काही आठवत नाही. मौलाचाच हात तालमीत वगैरे मोडला असेल. पोरंच ती, घरी कुठं सांगतात? तू गावात नव्हतास आणि मीही काही प्रत्येकाच्या हातापायाचा हिशेब ठेवत नव्हतो. तेव्हा मनातला किंतू काढून टाक. जे केलंस ते बरोबर केलंस.

चाळिसावा चांगला झाला. हाफिजाबीनं पिराच्या सदरेवर तुझ्या नावानंही दिवा लावला. माझ्या घरची राजमती तिच्यासोबत बसली होती. घरी येऊन म्हणाली, "अक्काचं त्वांड किती निवांत दिसतंय आता." तेवढं एक समाधान.

तुझा
नेमगोंडा


अमारा,
ता. ५ मे १९२०

अण्णांस सलाम.

तुमचं पत्र आलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. तो मौलाच. आता त्याच्या कबरीवर लोखंडी पाटी लागेल, नंबर आणि नाव. मी स्वतः बघून घेईन. अम्माला सांगा, ओळ तिसरी, कबर चौदावी. जवळ खजुराचं झाड आहे. सावली दुपारनंतर येते.

आकारामला मी शोधतो आहेच. तानामावशीला धीर द्या.

इथं अरबांची कुरबुर सुरू झाली आहे. डाक बंद पडली तर काळजी करू नका.

ख्वाजा


॥ श्री जिनाय नमः ॥
आळवाडी, ता. १८ जुलै १९२०

चि. ख्वाजास.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता कृष्णेला पाणी चढतंय, दोन दिवसांत शिरोळची वाट बंद होईल, म्हणून आज धाडतोच.

मी तुला खोटं लिहिलं.

आकारामचा डावा हात मोडला होता. मला चांगलं आठवतं. पंधरा-सोळा वर्षांचा होता, तालमीत जोडीदाराचा डाव चुकला आणि हा हातावरच पडला. हाडवैद्याकडं बैलगाडीतनं मीच नेला होता. दीड महिना कामट्या बांधून गावभर हिंडत होता. हात वाकडाच जुळला. पलटणीत भरतीच्या वेळी डॉक्टरनं तो हात बघून तोंड वाकडं केलं, तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, ह्या हातानं हा दोन मणाचं पोतं उचलतो." इतकं मला आठवतं आणि तुला लिहिलं, काही आठवत नाही.

का लिहिलं? कारणं तुला पाहिजे तेवढी देतो. तानाबाईला पोरगा जिवंत हवा होता. हाफिजाबीला कबर मिळाली होती, ती तिच्याकडून काढून कशी घेऊ? एका आईला झोप लागलीय, दुसरीला आशा आहे, मग खरं बोलून मिळणार काय, असा विचार केला. आणि त्याच्या खाली जे आहे तेही सांगतो. तो आकाराम असेल तर त्याला मी मारला. मी डॉक्टरसमोर बोललो नसतो तर तो हात बघून त्याला परत पाठवलं असतं.

हे मी आपण होऊन कबूल केलं नसतं. बाळाबाईनं करायला लावलं.

तुझं मे महिन्याचं पत्र मी तानाबाईला वाचून दाखवलं. नंतर दुपारी मळ्यात मोट चालू होती तिथं बाळाबाई आली. पाच वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पदर नीट घेऊन बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, तवा मामीला, माझ्या सासूला, हाताचं इचारलंसा त्ये मी ऐकलं. डावा हात वाकडा हुता त्येंचा. कोपराच्या खाली, ह्या इथं. आट म्हयनं मी त्याच हातावर डोकं ठिवून निजत हुतो. मला म्हाईत न्हाय तर कुणाला?"

मी म्हटलं, "पोरी, मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"मामी न्हाय म्हणाली, तुमी न्हाय म्हणालासा. थोरांनी न्हाय म्हटल्यावर म्या कोण? पण अण्णा, त्यो माणूस तितं दुसऱ्याच्या नावानं निजलाय. माझं कुकू तरी कुणाच्या नावानं लावू मी? न्हायतर पुसू तरी द्या की एकदा."

ख्वाजा, मोटेचे बैल थांबले होते आणि मला हाकायचं सुचेना. ती वाट बघत उभी राहिली. मी खरं लिहितो म्हटलं तेव्हा गेली.

तुझ्या कबरीत आकाराम आहे. आता पुढं काय करायचं ते तूच ठरव. हाफिजाबीला मी अजून सांगितलेलं नाही. हिंमत नाही.

अपराधी,
नेमगोंडा


अमारा,
ता. ३ ऑक्टोबर १९२०

नेमगोंडाअण्णांस,

इथं बंड झालं, दोन महिने डाक आली नाही. तुमचं पत्र सप्टेंबरात मिळालं.

तुम्ही मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलीत, म्हणून जास्त लिहीत नाही. पण वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तुम्हाला एका आईची झोप मोडायची नव्हती. मी मात्र इथं चार महिने परक्याच्या कबरीपाशी बसून भावाशी बोलत होतो. सुट्टीच्या दिवशी पाणी शिंपडत होतो. हे तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही खरं लिहिलं असतं का, ते मला ठाऊक नाही.

साहेबाकडं गेलो. तो म्हणाला, कागद झाले, पाटी लागली, आता राहू दे. मी म्हटलं, राहू देता येत नाही. तीन दिवस त्याच्या तंबूसमोर जाऊन उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्यानं सही केली.

मोहरमची दहावी होऊन चार दिवस झाले होते. पाटी मी काढली. कबर मी उघडली. आमच्या टोळीत राधानगरीकडचा कृष्णात म्हणून नाईक आहे, मराठा, त्याला सोबत घेतलं. इथं लाकूड मिळत नाही, खजूर जळता जळत नाही. फुटक्या होडीच्या फळ्या आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या मागून आणल्या. कृष्णातला म्हटलं, अग्नी तू दे. तो म्हणाला, "ख्वाजाभाई, माती भाऊ म्हणून तू दिलीस, आग बी तूच दे. माझा त्येच्याशी काय संबंध?" मग मी दिली. कृष्णात पाणी घेऊन फिरला, त्याला येत होतं तेवढं बोलला. डाव्या हाताचं ते हाड मी आधी हातात घेऊन बघितलं. वाकडंच आहे.

अस्थी पत्र्याच्या डब्यात भरून झाकण डाग देऊन बंद केलंय. कृष्णातची रजा मंजूर झाली आहे, तो स्वतः घरी जायच्या आधी आळवाडीला येऊन डबा बाळाबाईच्या हातात देईल. तिच्याच हातात. ताईत मी जाळला नाही, त्यात कुराणाचा कलाम आहे. तो डब्यासोबत धाडतोय.

आता माझं काम ऐका.

सातवा आकाराम असेल तर मौला त्या खंदकात असायलाच पाहिजे असं नाही. तो त्याच्या कंपनीत, दुसरीकडं कुठंही असेल. मी तेच धरून चाललो आहे. पण मीच साहेबाला सांगितलं होतं की ती दोघं एकमेकांना सोडत नव्हती. त्या खंदकातले बाकीचे दहा आम्ही हिंदू म्हणून जाळले. चिता रचायला मी होतो. वहीत त्या दहांच्या खुणा आहेत. आठ जणांपुढं काही नाही. एकाच्या पायाला सहावं बोट. एकाचा वरचा, डावीकडचा पुढचा दात अर्धा तुटलेला. ताईत दुसऱ्या कुणाला नव्हता, पण चिंधी तुटली की ताईत मातीत गळून पडतो.

मौलाला सहावं बोट नव्हतं. दाताचं मला ठाऊक नाही. मी त्याला शेवटचं मिरज स्टेशनावर बघितलं, गाडी हलत होती, तो तोंड मिटून उभा होता.

अम्माला विचारा. तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही सांगा. अण्णा, या खेपेला काही लपवू नका. कडू असेल ते मी पिईन. अम्माला काय सांगायचं ते नंतर मी बघेन.

कृष्णातबरोबर मी येत नाही. मौला अजून इथंच आहे.

ख्वाजा


॥ श्री जिनाय नमः ॥
आळवाडी, ता. २० डिसेंबर १९२०

चि. ख्वाजास आशीर्वाद.

कृष्णात आला. साधा माणूस. वेशीपाशी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी गावात शिरला. चौकात लोक जमले. कुणी "पावणं, कुठलं म्हणायचं?" असं विचारलं तर म्हणाला, "मी कुठला न्हाय, डब्यासंगं आलोय." त्यानं डबा बाळाबाईच्या हातात दिला. तिनं तो पदरात घेतला, पोटाशी धरला. मग तिथंच रस्त्यात खाली बसली आणि पाच वर्षांचं एकदम रडली. ख्वाजा, मी अनेक मयतं बघितली, असं रडणं ऐकलेलं नाही. पण त्या रडण्यात एक सुटका होती, ती मला ऐकू आली.

तानाबाई घराबाहेर आली नाही. "माझं पोरगं डब्यात मावायचं न्हाय," असं आतून ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही घाटावर निघालो तेव्हा मात्र मागून आली. लांब उभी राहिली. बाळाबाईनं बांगड्या पायरीवर फोडल्या, कुंकू पाण्यानं पुसलं आणि डब्याचं झाकण मला कापायला सांगितलं. मी जैन, माझं तिथं काय काम? पण ती म्हणाली, "गाडीत घालून तुमीच नेलं हुतं. तुमीच आणा." कापलं. अस्थी ओतताना ते वाकडं हाड वर आलं. तानाबाईनं ते लांबून ओळखलं. धावत आली, हातात घेतलं, त्या वाकड्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाडवैद्यानं नीट बांधलं न्हाय. म्या तवाच म्हटलं हुतं." मग स्वतःच पाण्यात सोडलं.

हाफिजाबीला मी आदल्या संध्याकाळी, दिवस असतानाच, सांगितलं होतं. कबरीत आकाराम होता, मौला नव्हता. माझं खोटंही सांगितलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल. तिनं पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे चाळिसावा आकारामचा झाला." घाटावर ती आली होती. तानाबाईनं ताईत तिच्यापुढं धरला, "तुझं तुला," म्हणाली. हाफिजाबीनं घेतला नाही. "ह्यो आकारामचा. माझ्या मौलाचा मौलाच्या दंडाला हाय." असं म्हणून तिनं तो बाळाबाईच्या मुठीत दिला.

बाळाबाईचा बाप परत आला होता. या खेपेला ती त्याच्याबरोबर गेली. जाताना माझ्या पाया पडली. मला लाज वाटली.

आता तुझा प्रश्न.

तुझं पत्र मी हाफिजाबीला पूर्ण वाचून दाखवलं नाही. खंदकातल्या दहा जणांचं, वहीतल्या खुणांचं, काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ख्वाजा मौलाला शोधतोय. अंगावरची एखादी खूण सांग, म्हणजे त्याला सोपं जाईल."

ती सूप घेऊन पाखडत होती. हात थांबला नाही. "खूण? माझ्या मौलाला साधं खरचटल्यालं न्हाय कवा. हात धड, पाय धड. दात बी समदं धड हायत त्येचं. असं लिवा त्येला."

ख्वाजा, दाताचं मी विचारलंच नव्हतं.

तू म्हणालास लपवू नका. नाही लपवत. पलटणीत जायच्या आदल्या हंगामात माझ्या गुऱ्हाळावर दोघं घाण्याला होते. उसाचं पेर दातानं कोण फोडतो अशी पैज लागली. आकारामनं फोडलं. मौलानं फोडलं, पण दातही गेला. वरचा, डावीकडचा, पुढचा. अर्धा. रक्तानं तोंड भरलं होतं आणि तो हसत होता, आणि मीही हसत होतो. घरी आईला काय सांगू म्हणून माझ्याकडं आला, तेव्हा मी त्याच्यासोबत तुमच्या घरी गेलो. हाफिजाबीनं मीठ-पाण्यानं गुळण्या करायला लावल्या. त्या दिवसापासून तो परक्या माणसासमोर तोंड मिटून हसायचा.

म्हणजे मिरज स्टेशनावर तू बघितलंस ते बरोबर आहे.

त्याला आग देताना तू जवळ होतास. परका कुणी नव्हता. यापलीकडं समजूत घालायला माझ्याकडं शब्द नाही. तुझ्या जागी मी असतो तर मला सहन झालं नसतं, हे खरं तेच लिहितो. जमेल तेव्हा घरी ये. तिथं आता शोधायचं काही उरलं नाही. आईला सांगायचं की नाही ते तू इथं येऊन, तिच्यासमोर बसून ठरव. मी यापुढं कुणासाठी काही ठरवणार नाही.

मागचा मंगळवार. शिवेवरच्या बाभळीखालचा धोंडा रिकामा असेल असं मला वाटलं होतं. हाफिजाबी बसली होती. थोड्या वेळानं तानाबाई आली आणि तिच्या शेजारी बसली. आता तिला कुणाची वाट बघायची नाही, तरी बसली. डाकवाला येऊन गेला. दोघी उठल्या आणि घरी गेल्या.

हे पत्र लिहीत असताना हाफिजाबी ओसरीवर आली. तिला वाचता येत नाही, तरी कागदाकडं बघत राहिली.

"अण्णा, मी सांगितलं तसं लिवलं न्हवं? दात समदं धड हायत म्हणून?"

"लिवलं," म्हटलं.

"मग धाडा."

नेमगोंडा